राज्याचा कायदा गावच्या पर्यटनापर्यंत कसा पोचतो : नवख्यांसाठी वाटाड्या

१९३१ साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने दोन कायदे केले. एकाने जुगाराला परवानगी दिली. दुसऱ्याने घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणली. दोन्हींच्या नावात पर्यटन हा शब्द नव्हता. रीनो शहराला मात्र दुसऱ्या कायद्याचा अर्थ लगेच कळला : ज्याला घटस्फोट हवाय, त्याला बेचाळीस रात्री कुठेतरी काढायच्या आहेत. घरमालकांनी खोल्या काढल्या, शहराबाहेरच्या पशुपालकांनी आपल्या वाड्या पाहुण्यांसाठी उघडल्या, घोडेस्वारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळी सोय केली. शेवटी कोर्टात हा माणूस खरोखर सहा आठवडे इथे राहिला, असं सांगणारा स्थानिक साक्षीदार लागायचा, म्हणून बऱ्याचदा खोली देणारा मालकच साक्षीला उभा राहायचा. खोली भाड्याने देणं आणि कोर्टात साक्ष देणं हा एकाच धंद्याचा भाग झाला, तो कायद्यातल्या एका मुदतीमुळे.

नुकतंच लॉज चालवायला घेतलं असेल, गाईडचं काम धरलं असेल, गावच्या पर्यटन संघटनेवर पहिल्यांदाच निवडून आला असाल किंवा बातमीदार म्हणून हा विषय वाट्याला आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘राज्य’ म्हणजे इथे देशातला घटक : भारतातली किंवा अमेरिकेतली राज्यं, ऑस्ट्रेलियातली राज्यं, स्पेनमधले स्वायत्त प्रदेश. कायदे जागोजागी वेगळे असतात, पण ते विधिमंडळातून गावच्या धंद्यापर्यंत पोचतात त्या वाटा बऱ्याचशा सारख्या आहेत. त्या ओळखायला वकील असावं लागत नाही. पानं उलटत बसायची तयारी लागते.

पायरी १ : एका पाहुण्याचा दिवस कागदावर उतरवा

नवखा माणूस साधारणपणे पर्यटन खात्याच्या धोरणापासून सुरुवात करतो. मी म्हणेन, ते बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या, तीन रकाने आखा : पाहुणा काय करतो, त्यातून कोण कमावतं, त्यावर कुठला कायदा चालतो.

आता एका पाहुण्यामागे मनाने चालत जा. तो गाडीने आला : रस्ता, प्रवासी वाहनाचा परवाना, वाहनतळ. खोलीत उतरला : मुक्कामाची नोंद, आगीपासून सुरक्षा, मुक्काम-कर. जेवला, प्यायला : अन्नसुरक्षा, मद्याचा परवाना, बंद होण्याची वेळ. किनाऱ्यावर किंवा जंगलात गेला : तिथे जायचा हक्क, प्रवेशशुल्क, बोटीवरची सुरक्षा. रात्री गाणं-बजावणं ऐकलं : आवाजाचे नियम. आणि या सगळ्याच्या आधीची ओळ विसरू नका, की त्याला सुट्टी मिळाली कशी?

दहा-बारा ओळी सहज होतात. त्यातल्या एखाद-दुसऱ्या ओळीवरच पर्यटन खात्याचा शिक्का असतो. बाकीच्या महसूल, वन, शिक्षण, गृह, नगरविकास, वाहतूक अशा खात्यांच्या. म्हणूनच धंद्याला सगळ्यात जास्त हलवणारा कायदा बहुतेक वेळा भलत्याच नावाने येतो आणि गावाला तो लागू झाल्यावर कळतो.

कागद उलटा करून मागच्या बाजूला हीच यादी कामगाराची करा. खोल्या झाडणारी बाई, बोटीवरचा पोरगा, स्वयंपाकी. ते राहतात कुठे, येतात कशाने, वर्षातले किती महिने त्यांना काम असतं? ही बाजू लोक भरत नाहीत, आणि फटका कित्येकदा इथूनच बसतो.

पायरी २ : भलत्या नावाचे कायदे हुडका

मिशिगन राज्याने २००५ मध्ये शाळांबाबत एक कायदा केला. सरकारी शाळांनी ‘लेबर डे’, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, उलटल्याशिवाय वर्ग सुरू करायचे नाहीत. २००६-०७ च्या शैक्षणिक वर्षापासून तो लागू झाला. कायदा शाळेचा, पण त्यासाठी जोर लावला होता पर्यटन व्यावसायिकांनी. कारण साधं आहे. शाळा ऑगस्टमध्येच उघडली की कुटुंबं तळ्याकाठचा मुक्काम हलवून घरी परततात. त्याच दिवशी आइस्क्रीमच्या दुकानात, बोटींवर, तिकीटखिडकीवर उन्हाळी काम करणारी मोठी मुलंही शाळेत परततात. गिऱ्हाईक आणि कामगार एकाच सोमवारी जातात.

व्हर्जिनिया राज्यात असाच कायदा १९८६ पासून होता आणि लोक तो तिथल्या ‘किंग्ज डोमिनियन’ या मनोरंजन उद्यानाच्या नावानेच ओळखत. २०१९ मध्ये तो सैल झाला आणि शाळांना लेबर डेच्या दोन आठवडे आधीपर्यंत सुरू व्हायची मुभा मिळाली. दुसरी बाजूही खरी आहे. परीक्षेच्या आधी शिकवायला पुरेसे दिवस हवेत, हे शाळांचं म्हणणं वाजवी होतं, आणि मिशिगनमध्येही अनेक शाळा-जिल्ह्यांनी पुढे सूट मागून घेतली. पर्यटनाच्या सोयीचा कायदा दुसऱ्या कोणाच्या तरी गैरसोयीवर उभा असतो. तो कोणाच्या, हे आधीच लिहून ठेवलंत तर तो कधी आणि कुठून ढासळेल याचा अंदाज येतो.

ऑरेगन राज्याची गोष्ट तर मला फारच महत्त्वाची वाटते. १९१३ मध्ये तिथे ऑस्वाल्ड वेस्ट गव्हर्नर असताना किनाऱ्यावरची ओली वाळू, म्हणजे भरतीच्या रेषेपर्यंतचा पट्टा, कायद्याने सार्वजनिक रस्ता ठरवला गेला. समुद्रकिनारा वाचला तो रस्त्याच्या नावाखाली. पण कायद्यात कोरड्या वाळूचा उल्लेख नव्हता. पन्नासेक वर्षांनी, १९६६ मध्ये, कॅनन बीच गावातल्या एका मोटेलच्या मालकाने नेमकी हीच फट धरली. मोटेलसमोरची कोरडी वाळू लाकडाचे ओंडके लावून अडवली आणि तिथे फक्त आपले पाहुणे बसतील असं ठरवलं. तक्रारी झाल्या, राज्यभर वादळ उठलं, आणि ६ जुलै १९६७ रोजी गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी सही केलेल्या कायद्याने झाडोरा सुरू होतो त्या रेषेपर्यंतच्या वाळूवर लोकांचा वहिवाटीचा हक्क मान्य केला.

एका मोटेलवाल्याचा तोटा झाला असेल. पण त्या किनाऱ्यावरच्या बाकी सगळ्या गावांना जे मिळालं, ते कुठल्याही जाहिरातीने मिळालं नसतं : पाहुणा कुठल्याही गावात उतरला तरी वाळू त्याची आहे. ओली वाळू आणि कोरडी वाळू, एवढाच फरक होता.

पायरी ३ : निर्णयाचा अधिकार कोणाचा, ते ठरवा

तुमच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा : हे केंद्र ठरवतं, राज्य ठरवतं की गाव?

भारतात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्यांची आणि समवर्ती अशा तीन सूच्या आहेत. पर्यटन हा विषय तिन्हींपैकी एकीतही नाही. राज्यसूचीत देशांतर्गत तीर्थयात्रा आहे, सराया आणि सराया चालवणारे आहेत, मद्य आहे, स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. म्हणजे आपण ज्याला पर्यटन म्हणतो ते घटनेच्या दृष्टीने तुकड्यातुकड्यांनी राज्याकडे आलेलं आहे. इतर संघराज्यांतही थोड्याफार फरकाने असंच चित्र दिसतं.

नवख्याची खरी गफलत होते ती राज्य आणि गाव यांच्यामधल्या रेषेवर. आपली नगरपालिका काहीतरी करील या भरवशावर लोक राहतात, आणि राज्याने नगरपालिकेचे हात आधीच बांधलेले असतात.

पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी दिल्या जाणाऱ्या घरांचं पाहा. फ्लोरिडाने २०११ मध्ये कायदा करून अशा घरांवर बंदी घालायचा अधिकार गावांकडून काढून घेतला. १ जून २०११ पर्यंत केलेले स्थानिक नियम तेवढे टिकले. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि थोडं नियमन करायची मुभा मिळाली, पण बंदी घालायची किंवा मुक्काम किती दिवसांचा असावा हे ठरवायची नाही. ज्या गावाने त्या तारखेपर्यंत नियम केला होता आणि ज्या शेजारच्या गावाने केला नव्हता, त्यांची स्थिती एका तारखेमुळे कायमची वेगळी झाली.

ॲरिझोनाने २०१६ मध्ये तसाच कायदा केला. तांबड्या खडकांच्या डोंगरांमध्ये वसलेलं सेडोना हे तिथलं जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव जगभरातल्या पाहुण्यांना ओढतं. गावाला अशा घरांची संख्या मर्यादित ठेवता येईना. घरं पाहुण्यांकडे गेली, कामगारांना भाड्याने घर मिळणं अवघड झालं आणि काहीजण गाडीत झोपून कामावर जाऊ लागले. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या नगर परिषदेने अशा कामगारांना रात्री गाडी लावून सुरक्षित झोपता यावं म्हणून एक जागा मंजूर केली. नोव्हेंबरमध्ये गावच्या मतदारांनी तो निर्णय मतदानाने फिरवला. मधल्या काळात, २०२२ मध्ये, राज्याने गावांना अशा घरांसाठी परवाना सक्तीचा करायची मुभा दिली होती. संख्येवर मर्यादा घालायची नाही.

मला यातली गाडीत झोपणारी माणसं विसरता येत नाहीत. ती तुमच्या कागदाच्या मागच्या बाजूची आहेत. कायदा घरमालकाच्या हक्कासाठी झाला होता. तो पाहुण्याच्या खोलीतून फिरून खोली झाडणाऱ्याच्या छपरापर्यंत पोचला.

म्हणून प्रत्येक कायद्यात ‘स्थानिक संस्थेला असा नियम करता येणार नाही’ किंवा ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ अशा धर्तीची वाक्यं शोधा. ती सापडली की नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही हे समजतं. तुमचं काम राज्याच्या राजधानीत आहे.

पायरी ४ : मूळ मजकूर वाचा, ठरावीक क्रमाने

बातमीवर विसंबू नका. राजपत्रातला किंवा विधिमंडळाच्या संकेतस्थळावरचा मूळ मजकूर घ्या. तो पहिल्या पानापासून वाचायचा नाही. आधी व्याख्या, मग क्रियापद, मग अपवाद, मग तारीख, शेवटी अंमलबजावणी कोणाकडे ते. मी वर्षानुवर्षं याच क्रमाने वाचतो आणि दरवेळी सगळ्यात जास्त वेळ व्याख्येवर जातो.

व्याख्या का? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचा नियम घ्या. सिडनी महानगरात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरासाठी वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. बातमीत एवढंच येतं. मजकुरात मात्र ही मर्यादा मालक स्वतः राहत नसलेल्या घराला आहे; मालक तिथेच राहत असेल तर नाही. शिवाय सलग २१ दिवस किंवा त्याहून मोठं बुकिंग त्या मर्यादेत धरलं जात नाही. आता हिशेब करा. २० दिवसांचं बुकिंग तुमच्या १८० मधले पूर्ण वीस दिवस खातं. २१ दिवसांचं बुकिंग एकही खात नाही. एवढ्या एका दिवसावर घरमालक दोन आठवडे मागणाऱ्या कुटुंबाला नकार देऊन महिनाभर राहणाऱ्याला घर देऊ शकतो. मग आसपासच्या खाणावळीचं, गाईडचं, बोटवाल्याचं गिऱ्हाईक बदलतं. त्याच राज्यातल्या बायरन परिसरात २३ सप्टेंबर २०२४ पासून मर्यादा ६० दिवसांवर आली आहे, आणि तीही किनाऱ्याजवळचे काही भाग वगळून. एका रस्त्याच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. नकाशा मागून घ्या. तो कायद्याचाच भाग असतो.

क्रियापदाचं महत्त्व हवाईच्या कायद्यात दिसतं. प्रवाळांना अपाय होतो म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनबाबत तिथे २०१८ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. ‘हवाईत सनस्क्रीनवर बंदी’ असं जगभर छापून आलं. मजकुरात बंदी आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर आणि वाटण्यावर, लावण्यावर नाही. पाहुणा घरून तेच मलम बॅगेत घेऊन आला तर त्याने कायदा मोडलेला नाही. म्हणजे कायदा पोचतो किनाऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत, हॉटेलच्या विक्री-काउंटरपर्यंत. बोटीवर पाहुण्यांना समजावून सांगण्याचं काम मात्र कायद्याने कोणावर टाकलेलं नाही. ते ज्याला प्रवाळांची काळजी आहे त्याने आपण होऊन करायचं. हे काम करणारे बोटवाले मला मनापासून आदरणीय वाटतात.

‘करील’, ‘करू शकेल’ आणि ‘करणार नाही’ हे तीन शब्दप्रयोग वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा. ‘करू शकेल’ असं जिथे आहे, तिथे निर्णय अजून व्हायचा आहे.

पायरी ५ : कायद्याच्या खाली काय आहे ते बघा

कायदा चार पानांचा असतो, त्याखालचे नियम चाळीस पानांचे. परवान्याला किती दिवस, कुठले कागद, दंड किती, हे नियमांत असतं आणि ते बदलायला विधिमंडळ लागत नाही, खात्याची अधिसूचना पुरते. धोरण त्याहून हलकं : ते नव्या सरकारबरोबर पालटू शकतं. केरळ सरकारने २०१४ मध्ये मद्यधोरण बदललं आणि पंचतारांकित हॉटेलं सोडून बाकीच्यांचे बार बंद करायला घेतले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ते धोरण वैध ठरवलं. न्यायालयाची मोहोर उमटली म्हणजे आता हे कायमचं, असं मानून कोणी व्यवसाय आखला असता तर फसला असता. कारण २०१६ मध्ये सरकार बदललं आणि जुलै २०१७ पासून तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना पुन्हा बार उघडायची मुभा मिळाली. वैध असणं वेगळं, टिकाऊ असणं वेगळं.

पायरी ६ : पैशाचा माग काढा

मुक्काम-कर, प्रवेशशुल्क, परवाना-शुल्क यांबाबत तीन गोष्टी शोधायच्या. गोळा कोण करतं, कोणाच्या तिजोरीत पडतं, आणि कशावर खर्च करता येतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लोक विचारत नाहीत.

फ्लोरिडात १९७७ च्या कायद्याने तिथल्या जिल्ह्यांना मतदारांची संमती घेऊन पर्यटन-कर लावायची मुभा दिली. कर स्थानिक, गोळा स्थानिक, पण तो कशावर खर्च करायचा याची यादी राज्याच्या कायद्यात आहे : प्रसिद्धी, अधिवेशन-सभागृहं, किनाऱ्यांची देखभाल वगैरे. यादीबाहेरचा खर्च करता येत नाही. गाव पाहुण्यांनी भरून गेलेलं, तिजोरीत पैसा आहे, आणि तरी एखाद्या निकडीच्या कामाला तो वळवता येत नाही, असा पेच यातूनच निर्माण होतो. अशा ठिकाणी नगरसेवकावर चिडून उपयोग नाही. यादीत कलम घालायला विधिमंडळातच जावं लागतं.

हवाईत २०२१ मध्ये उलटी गोष्ट घडली. राज्याच्या मुक्काम-करातला वाटा तिथल्या जिल्ह्यांना मिळत असे. विधिमंडळाने तो थांबवला आणि त्याबदल्यात जिल्ह्यांना स्वतःचा ३ टक्क्यांपर्यंत कर लावायची परवानगी दिली. राज्याचा १०.२५ टक्के होता तसाच राहिला. जिल्ह्यांचं उत्पन्न चालू राहिलं, पण पाहुण्याच्या बिलात एक ओळ वाढली. २०२५ मध्ये पर्यावरणाच्या कामांसाठी राज्याचा दर आणखी वाढवायचा कायदा झाला : १ जानेवारी २०२६ पासून ११ टक्के. बिल हातात घेऊन पाहुणा काउंटरवरच्या मुलीला विचारतो, ‘हे काय?’ तिला प्रत्येक ओळीचा अर्थ माहीत असणं हा तुमच्या धंद्याचा भाग समजा. कर कशासाठी जातो हे तिने नीट सांगितलं तर बरेच पाहुणे समजून घेतात.

स्पेनच्या बालेआरिक बेटांनी हा धडा कष्टाने घेतला. २००२ मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारने मुक्कामावर पर्यावरण-कर लावला. हॉटेलवाले नाराज झाले, पुढच्या निवडणुकीत सरकार बदललं, २००३ मध्ये कर गेला. २०१६ मध्ये नव्या कायद्याने तो परत आला, यावेळी पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांनाही धरून आणि मंद हंगामात कमी दराने. कर तोच, पण दुसऱ्यांदा त्याची आखणी अशी झाली की ओझं एकट्या हॉटेलवाल्यावर पडत नव्हतं, आणि थंडीत येणारा पाहुणा हातचा जात नव्हता. हंगामानुसार दर ही मागणी तुमच्या संघटनेने जरूर लावून धरावी.

पायरी ७ : वेळेत बोला आणि नेमकं बोला

विधेयक मांडलं गेलं, समितीकडे गेलं, सूचना-हरकती मागवल्या, या काळातच शब्द बदलतात. कायदा झाल्यावर उरते ती दुरुस्तीची लांबची वाट. पण ही संधी नेहमी मिळते असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनात २३ मार्च २०१६ रोजी विशेष अधिवेशनात एकाच दिवसात विधेयक मांडून, मंजूर होऊन त्यावर सहीसुद्धा झाली. म्हणून अधिवेशनाच्या तारखा भिंतीवर लावून ठेवा आणि ज्या खात्यांच्या नावात पर्यटन नाही, त्यांच्या विधेयकांची यादीही चाळा.

निवेदन एका पानाचं असावं. ‘आमच्या व्यवसायाचं अतोनात नुकसान होईल’ असं लिहिलेली पत्रं समितीसमोर ढिगाने येतात. त्याऐवजी असं लिहून पाहा. समजा, तुमच्या संघटनेत ४० सभासद आहेत : ‘कलम ४ मधल्या “कोणतेही निवासी घर” या शब्दांमुळे मालक स्वतः राहत असलेल्या घरातली एक खोलीही या कायद्याखाली येते. आमच्या ४० सभासदांपैकी २६ जण असे आहेत. “मालक स्वतः राहत नसलेले” हे शब्द घातल्यास कायद्याचा हेतू साधतो आणि हे २६ जण वाचतात.’ कलम, शब्द, आकडा, पर्यायी शब्द. समितीतल्या माणसाला हे पान जसंच्या तसं वापरता येतं.

पायरी ८ : परिणाम मोजा, पण घाई करू नका

कोलोरॅडो राज्यात पर्यटनाच्या प्रसिद्धीसाठी ०.२ टक्क्यांचा कर होता. १९९३ मध्ये मतदारांनी तो पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि राज्याची सरकारी प्रसिद्धी बंद पडली. त्यानंतर देशाच्या पर्यटनातला राज्याचा वाटा सुमारे ३० टक्क्यांनी घसरला असं एक पाहणी सांगते. प्रसिद्धीला पैसा हवा असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुढची कित्येक वर्षं जगभर वापरला. मला तो पूर्ण खोटा वाटत नाही. राज्याने २००० मध्ये पुन्हा पर्यटन कार्यालय काढलं, त्यामागे ही चिंता होतीच. पण ‘वाटा घसरला’ म्हणजे ‘पाहुणे घटले’ असं नव्हे. इतरांकडे जास्त गेले तरी वाटा घसरतो. आकडा कोणी काढला आणि तो कशाचा आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारा, स्वतःच्या बाजूच्या आकड्यालाही.

राज्याच्या सरासरीत गाव हरवतं, हीही गोष्ट ध्यानात ठेवा. नॉर्थ कॅरोलायनाचा तो एका दिवसातला कायदा शार्लट शहराने केलेला भेदभावविरोधी नियम रद्द करणारा होता. त्याच्या निषेधार्थ एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने, २०१७ चा ऑल-स्टार सामना शार्लटहून न्यू ऑर्लिन्सला हलवला. विद्यापीठीय क्रीडास्पर्धाही राज्याबाहेर गेल्या. तरी २०१६ मध्ये राज्यातला पाहुण्यांचा एकूण खर्च वाढलाच होता. राज्याचा आकडा पाहणाऱ्याला काहीच झालेलं दिसलं नसतं. शार्लटमध्ये ज्याने त्या फेब्रुवारीतल्या सामन्याच्या भरवशावर जादा माणसं कामावर घ्यायचं ठरवलं असेल, त्याला मात्र पुरेपूर कळलं. मार्च २०१७ मध्ये कायद्याचा मोठा भाग मागे घेतला गेला, आणि सामना शार्लटला आला तो २०१९ मध्ये.

शेजारच्या राज्याकडेही नजर हवी. रीनोची सहा आठवड्यांची अट मौल्यवान होती, कारण इतरत्र घटस्फोट मिळणं कठीण होतं. इतर राज्यांच्या अटी सैल होत गेल्या, १९७० पासून कॅलिफोर्नियात दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला, आणि बेचाळीस रात्रींचा तो पाहुणा यायचं कारणच उरलं नाही. जुगाराचंही तेच : न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनोंना मान्यता दिली, दोन वर्षांनी पहिला उघडला, आणि नेवाडाची देशातली मक्तेदारी संपली. तुमच्या राज्याने एक अक्षरही न बदलता तुमचा धंदा बदलू शकतो.

तेव्हा स्वतःची वही ठेवा. कायदा लागू होण्याच्या निदान एक वर्ष आधीपासूनच्या नोंदी असाव्यात, नाहीतर तुलना कशाशी करणार? दर आठवड्याला किती खोल्या भरल्या, पाहुणे सरासरी किती रात्री राहिले, किती बुकिंगं रद्द झाली आणि पाहुण्याने कारण काय सांगितलं. महिन्याचा आकडा पुरत नाही. शाळा एक आठवडा आधी उघडली तर फरक त्या आठवड्यातच दिसतो. त्याच आठवड्यात पाऊस, वादळ, रस्त्याचं काम, निवडणूक असं काही असेल तर शेजारी लिहा. शेजारच्या राज्यातल्या, तुमच्यासारख्याच एखाद्या गावातल्या ओळखीच्या माणसाला अशीच वही ठेवायला सांगा. तिथे तो कायदा नाही, म्हणून तुलनेला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आणि वहीचं एक पान कामगारांसाठी राखा : या हंगामात किती आले, कुठे राहिले, किती लांबून येत होते, कोण अर्ध्यातून सोडून गेलं आणि का. दुरुस्तीचं विधेयक येईल तेव्हा समितीपुढे हॉटेलांचे आकडे बरेचजण ठेवतील. हे पान बहुधा तुमच्याकडेच असेल.